काढून ठेवलं की काढून टाकलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जानेवारी २०२३ मधली गोष्ट आहे. माझा पुतण्या तेव्हा पुण्याला एका संगणक कंपनीत नोकरीला होता. एका रात्री उशिरा त्याचा फोन आला. आवाज पार खाली गेलेला. म्हणाला, "चाचा, माझा ले-ऑफ झाला."

मी म्हटलं, "एवढंच ना? घाबरू नकोस. महिना-दोन महिन्यांत माल हलला की परत बोलावतील. तोवर रोज वेळेवर जाऊन हजेरी तेवढी लावत जा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "चाचा, त्यांनी लॅपटॉप घेतला, ओळखपत्र घेतलं. दारातून आतसुद्धा सोडत नाहीत. हजेरी कुठे लावू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही दोघं एकच शब्द वापरत होतो आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो. माझा ले-ऑफ वाळूजचा होता, त्याचा ले-ऑफ अमेरिकेहून आलेला होता. माझ्या ले-ऑफमध्ये माणूस परत येतो. त्याच्या ले-ऑफमध्ये माणूस जातो. आज मला या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण त्यानं आमच्या भागातल्या कितीतरी चुली विझवल्या आहेत आणि काही वाचवल्याही आहेत. म्हणून तो परका मानून चालणार नाही.

थोडं माझ्याबद्दल सांगतो. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. कविता लिहितो, त्याही मराठीतच. कवितेवर घर चालत नाही, म्हणून १९९३ साली वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका सुट्या भागांच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलो. टाइमकीपर म्हणजे हजेरीचा कारकून. कोण आला, कोण गेला, कोण उशिरा आला, याचा हिशेब ठेवणारा माणूस.

ज्यांनी वाळूज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, नगरच्या रस्त्याला लागलं की वाळूजची वसाहत लागते. १९८५ साली तिथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला त्याला माल पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर ही गावं बघता बघता कामगारांच्या खोल्यांनी भरून गेली. गंगापूर, वैजापूर, पैठणकडची पोरं शेत सोडून इथे आली. नांगर धरणाऱ्या हातांनी लेथ धरला. लेथबरोबर इंग्रजी शब्दही आले.

हे शब्द कसे आले पाहा. इंग्रजीत एक गंमत आहे. साधं, रोजचं क्रियापद घ्यायचं आणि त्याच्या शेपटीला अप, डाऊन, इन, आऊट, ऑफ असा एखादा चिमुकला शब्द बांधायचा. लगेच अर्थ पालटतो. शाळेत आम्हाला या शब्दांनी रडवलं. पण वाळूजमध्ये चौथी शिकलेला माणूसही ते बिनचूक वापरतो. मशीन मोडलं की ब्रेकडाऊन. कारखाना देखभालीसाठी थांबला की शटडाऊन. नवा साचा चढवला की सेटअप. न्यायला गाडी आली की पिकअप. आम्ही त्यांना क्रियापद म्हणून घेतलंच नाही, नाम म्हणून घेतलं आणि पुढे आपलं मराठी क्रियापद जोडलं. 'ब्रेकडाऊन झालं', 'शटडाऊन घेतलं', 'सेटअप लावला'. इंग्रजीला शेपटी होती, आम्ही तिला आणखी एक शेपटी लावली.

ले-ऑफचंही तसंच. वाळूजमध्ये म्हणतात, 'कंपनीनं ले-ऑफ दिला.' मला या 'दिला'चं नेहमी नवल वाटतं. बोनस दिला, सुट्टी दिली, तसा ले-ऑफही दिला. जणू काही देणंच आहे.

त्यात आमच्याकडे आणखी एक घोटाळा होतो. वाळूजमध्ये मराठी, हिंदी, दखनी सगळ्या भाषा एकाच कँटीनमध्ये जेवतात. हिंदीत नि दखनीत 'ले' म्हणजे घे. आणि 'ऑफ' म्हणजे आठवड्याची सुट्टी, हे तर सगळ्यांना ठाऊक. मग 'ले ऑफ' याचा सरळ अर्थ काय झाला? 'घे सुट्टी!' माझ्या ओळखीतल्या कित्येकांना वर्षानुवर्षं तोच अर्थ वाटत होता. साहेब म्हणतो, ले ऑफ. आपण घ्यायचा. मी घरी पहिल्यांदा हा शब्द उच्चारला तेव्हा अम्मीलाही तसंच वाटलं. तिनं विचारलं, "ले कौन बोला?" मी म्हटलं, "साहब." ती म्हणाली, "वो ले बोले तो तू नक्को बोलना था ना!"

श्रोतेहो, दखनीतला हा 'नक्को' आपल्या मराठीतल्या 'नको'चाच भाऊ. मराठीनंच तो दखनीला दिला. अम्मीचं उत्तर ऐकून आम्ही सगळे हसलो. पण कारखान्याच्या नोटीस बोर्डावर 'नको' म्हणायला जागा नसते, हे अम्मीला कोण सांगणार?

आता मूळ इंग्रजी शब्दाकडे वळू. 'ले' म्हणजे ठेवणं, आडवं करून ठेवणं. 'ऑफ' म्हणजे दूर, बाजूला, बंद. दोन्ही मिळून 'बाजूला ठेवणं'. पण इंग्रज हे क्रियापद कुठे कुठे वापरतो! कुणी कुणाची फार टिंगल करायला लागला, की तिसरा म्हणतो 'ले ऑफ', म्हणजे बास कर, नाद सोड त्याचा. डॉक्टर पेशंटला सांगतो, साखरेला ले ऑफ कर, म्हणजे काही दिवस साखर बंद. फुटबॉलमध्ये जवळच्या गड्याकडे अलगद चेंडू सरकवला, तर तोही ले ऑफ. जुन्या दर्यावर्दी भाषेत जहाज किनाऱ्यापासून दूर ठेवणं हाही एक अर्थ. सगळ्यांत मिळून धागा एकच, काहीतरी थोडं लांब सारणं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हा शब्द कामाच्या बाबतीत रूढ झाला. हंगामी कामं असायची. हंगाम संपला, की माणसं काही काळ मोकळी. म्हणजे मूळ अर्थ विश्रांतीचा, थांबण्याचा. पुढे तोच तात्पुरतं काम नसण्याचा झाला. आणि १९६० च्या दशकापासून तिकडच्या मालकांनी कायमचं काढून टाकण्यालाही हाच मऊ शब्द वापरायला सुरुवात केली. 'तुम्हाला काढलं' म्हणायला जड जातं. 'तुम्हाला बाजूला ठेवलं' म्हणायला सोपं जातं. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीनं ११ हजार जणांना कमी करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभरच्या बातम्यांत शब्द होता ले-ऑफ. माझ्या पुतण्याच्या कानावर पडलेला ले-ऑफ तो हा.

आपल्याकडच्या कायद्यानं मात्र जुना अर्थ धरून ठेवला. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात १९५३ साली ले-ऑफची व्याख्या घातली गेली. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, तयार माल साचून पडला, यंत्र मोडलं किंवा नैसर्गिक संकट आलं, या कारणांनी मालक काम देऊ शकत नसेल, आणि कामगाराचं नाव मात्र हजेरीपटावर असेल, तर तो ले-ऑफ. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नाव हजेरीपटावर आहे. नोकरी गेलेली नाही. काम तेवढं नाही.

आणि म्हणून नुकसानभरपाईही आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला, मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम. पण त्याला एक अट आहे. कामगारानं दिवसातून निदान एकदा ठरल्या वेळी कारखान्यात येऊन हजर राहायचं. आला नाही, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. त्या कायद्यात आणखी एक बारकावा होता. कामगार वेळेवर आला आणि दोन तासांत त्याला काम दिलं नाही, की त्या दिवसापुरता तो ले-ऑफवर आहे असं धरायचं. ते दोन तास मी पुष्कळदा पाहिले आहेत. गेटच्या आत, सायकल स्टँडच्या सावलीला, डबा मांडीवर घेऊन बसलेली माणसं. घड्याळाकडे बघणारी. काम करायला आलेला माणूस काम न करता बसतो, तेव्हा किती थकतो, हे तिथे कळतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स नावाची बडी बँक बुडाली. पेपरात आम्ही वाचलं आणि पान उलटलं. आपला काय संबंध? पण तिकडून निघालेली लाट दोन-अडीच महिन्यांत आमच्या गेटवर येऊन धडकली. गाड्यांचा खप घटला, मोठ्या कंपन्यांनी आमच्यासारख्यांच्या ऑर्डरी कापल्या. डिसेंबरात आमच्या कारखान्यात तयार माल छतापर्यंत रचून ठेवलेला. कायम कामगार ऐंशीच्या आसपास. त्यांपैकी चौतीस जणांची यादी निघाली.

नोटीस इंग्रजीत टाइप होऊन आली. त्यात क्रियापद होतं 'लेड ऑफ'. साहेब मला म्हणाले, "हे मराठीत लिहून बोर्डावर लावा. तुम्ही कवी आहात, चांगलं लिहाल."

श्रोतेहो, त्या एका वाक्यानं मी फुगलो. खरं सांगायचं तर माझं नाव वाचल्यावर लोक माझ्या मराठीकडे जरा जास्तच बारकाईनं बघतात. कौतुकानं बघतात, पण बघतात. त्यामुळे शुद्ध मराठी लिहायची मला खोड लागलेली. एखादा कवी असतो तसा मीही तेव्हा इंग्रजी शब्दांवर दात धरून होतो. ले-ऑफ! छे, असला ओबडधोबड शब्द माझ्या हातून बोर्डावर लागणार नाही. मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'मंदीच्या कारणास्तव खालील कामगारांना कामावरून कमी करण्यात येत आहे.' साहेबांनी सही केली. शिपायानं टाचण्या मारल्या.

युनियनमधल्या जुन्या मंडळींना कशाची नोटीस आहे ते आधीच ठाऊक होतं. त्यांनी वाचलं, हसले, म्हणाले, "कवी, ले-ऑफच ना हा?" मी म्हटलं, "हो, तोच." दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी यायचे, वेगळ्या रजिस्टरवर सही करायचे, आपले दोन तास बसायचे आणि घरी जायचे. ले-ऑफ असला तरी हजेरीपट चालू ठेवणं हे कारखान्याचं कायदेशीर कर्तव्य होतं आणि ते काम माझ्याकडेच होतं.

चौतीसपैकी तेहेतीस सह्या व्हायच्या. एक होत नव्हती.

ते होते आमचे मामा. खरे मामा कुणाचेच नाहीत, वयानं मोठे म्हणून सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. वैजापूरकडचे. प्रेसवर काम. बोलणं कमी. त्या दिवशी सेकंड शिफ्ट सुटल्यावर त्यांनी बोर्डापुढे उभं राहून एका पोराकडून नोटीस वाचून घेतली. 'कामावरून कमी' एवढं ऐकलं, आपलं नाव ऐकलं आणि निघाले. कुणाला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वाक्य साफ होतं. रांजणगावची खोली दुसऱ्या दिवशी सोडली, सायकल मिळेल त्या किमतीला विकली, पेटी घेऊन गावी गेले.

मी रोज त्यांच्या नावापुढे 'गै' लिहीत होतो. गैरहजर. मला वाटलं, गावी लग्नकार्य असेल, येतील. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. टाइमकीपरची सवय वाईट. रकाना भरला, की माणूस डोक्यातून जातो.

जानेवारीत काम पुन्हा सुरू व्हायची चिन्हं दिसली. भरपाईचा हिशेब करायला बसलो तेव्हा मामांच्या ओळीत एकापाठोपाठ एक चोवीस 'गै' दिसले. निम्म्या पगाराच्या हिशेबात त्यांची रक्कम शून्य. आणि त्या वेळी, का कोण जाणे, माझी नजर समोरच्या बोर्डाकडे गेली. माझीच नोटीस, माझंच सुंदर अक्षर. प्रथमच मी ती मामांच्या कानांनी ऐकली.

त्या रविवारी एसटीनं गावी गेलो. मामा दुसऱ्याच्या शेतात कांद्याच्या लागवडीला गेले होते. बांधावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. नोकरी गेलेली नाही, नाव मस्टरवर आहे, सोमवारपासून या. ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुम्ही लिहिलं होतं ना, कमी केलं म्हणून. मग मी कमी झालो."

मी म्हटलं, "मामा, चूक माझी. त्या दिवसांचे पैसे मी माझ्या पगारातून देतो."

ते म्हणाले, "पैशाचं राहू द्या. पुढच्या वेळी ते ले-ऑफच लिहीत जा. ते आम्हाला कळत नाही, पण कळत नाही म्हणून कुणाला विचारता तरी येतं. तुमचं मराठी कळलं, म्हणून तर मी घरी आलो."

श्रोतेहो, भाषेबद्दल मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. परिसंवादांत बसलो आहे. पण भाषांतरावर इतकं खरं वाक्य मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. न कळणारा शब्द माणसाला थांबवतो, विचारायला लावतो. चुकीचा पण कळणारा शब्द माणसाला थेट घरी पाठवतो.

मामा सोमवारी आले. साहेबांना मी चूक सांगितली. ते म्हणाले, नियम नियम आहे. चोवीस दिवसांची भरपाई मामांना मिळाली नाही. माझे पैसेही त्यांनी घेतले नाहीत. एक दिवस कँटीनमध्ये त्यांनी माझ्याकडून चहा तेवढा घेतला. मी समजलो.

त्यानंतर बरेच दिवस मी एकच विचार करत होतो. मराठीत लिहायचं होतं, तर काय लिहायला हवं होतं? बी.ए.ला असताना मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' चाळलेलं होतं. संयुक्त क्रियापदांची चर्चा तेव्हा कंटाळवाणी वाटली होती. आता तीच आठवली. इंग्रजी आपल्या क्रियापदाला ऑफ, आऊटची शेपटी लावते. आपण एका क्रियापदामागे दुसरं क्रियापद उभं करतो आणि खरा अर्थ त्या मागच्या क्रियापदात असतो.

'काढणे' घ्या. काढून घेतलं, काढून दिलं, काढून ठेवलं, काढून टाकलं. काढणं चारही ठिकाणी तेच. पण दिवाळीसाठी चांगली साडी आपण काढून ठेवतो. धान्यातला खडा काढून टाकतो. पाहुण्यासाठी भाकरी काढून ठेवतो. सडलेला कांदा काढून टाकतो. ठेवणं म्हणजे परत हात लावायचा आहे. टाकणं म्हणजे आता बघायचंही नाही. आपल्या कायद्यातला ले-ऑफ म्हणजे काढून ठेवणं. अमेरिकेतला ले-ऑफ म्हणजे काढून टाकणं. मी मामांना 'कमी' केलं, कारण मला शेवटचं क्रियापद सुचलं नाही. 'काम नसल्यामुळे खालील कामगारांना तात्पुरतं बसवून ठेवण्यात येत आहे, नोकरी कायम आहे, रोज हजेरी लावावी,' असं लिहिलं असतं, तर वाक्य सुंदर झालं नसतं, पण मामा खोलीवर राहिले असते.

हे फक्त ले-ऑफपुरतं नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे देश बंद झाला. इंग्रजीत तो लॉकडाऊन. मराठी वर्तमानपत्रांनी आणि सरकारी आदेशांनी शब्द वापरला टाळेबंदी. आता वाळूजमध्ये टाळेबंदीचा एकच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या माहीत, लॉकआऊट. मालकानं कामगारांविरुद्ध गेटला लावलेलं कुलूप. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त कामगारानं बातमी ऐकून मला विचारलं, "टाळेबंदी? कुठल्या मालकानं केली?" इंग्रजीत डाऊन आणि आऊट या दोन शेपट्या वेगळ्या होत्या. आपण दोन्हींना एकच कुलूप लावलं.

आणि ज्यांचं नाव हजेरीपटावर कधी लागतच नाही, त्यांच्यासाठी आमच्याकडे वेगळाच शब्द आहे, 'ब्रेक'. जुन्या कायद्यात वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं, की वर्षाची सलग नोकरी धरली जायची. म्हणून अनेक ठिकाणी ठेकेदाराच्या पोरांना सात महिने झाले, की ब्रेक मिळायचा. 'मला ब्रेक दिला' असं पोरगं सांगतं, तेव्हा चहाची सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं. खरं तर त्याला काढलेलं असतं. ठेवलेलं आहे की टाकलेलं, हे त्यालाही माहीत नसतं आणि ठेकेदार सांगत नाही. ले-ऑफ मिळायलाही आधी कायद्याच्या वहीत तुमचं नाव असावं लागतं. ज्याला ठेवलेलंच नाही, त्याला काढून तरी काय ठेवणार?

कायदाही आता बदलला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. ले-ऑफ शब्द तिच्यातही आहे, निम्म्या भरपाईची तरतूदही आहे. मात्र एक आकडा बदलला. ले-ऑफ, कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी लागते, ती कामगारसंख्येवर अवलंबून असते. १९७६ साली ही मर्यादा तीनशे कामगारांची होती. १९८४ पासून ती शंभर झाली. नव्या संहितेत ती पुन्हा तीनशे आहे. म्हणजे दीडशे-दोनशे कामगारांच्या कारखान्यात ले-ऑफ देण्याआधी आता परवानगी मागावी लागत नाही. चांगलं की वाईट, यावर वाळूजमध्ये मालकाचं एक मत, कामगाराचं दुसरं. मी हजेरीचा कारकून. मला एवढंच कळतं, की ज्या कागदावर सही करायची त्यातलं क्रियापद आता जास्त नीट वाचायला हवं.

पुतण्याचं पुढे काय झालं, हे विचाराल. त्याला मी दुसऱ्या दिवशी परत फोन केला. म्हटलं, "बेटा, काल मी तुला वाळूजचा सल्ला दिला, तो चुकला. तुला कंपनीनं काय कागद दिलाय तो वाच. त्यात परत बोलावण्याचा एक तरी शब्द आहे का?" त्यानं वाचून सांगितलं, नाही. मी म्हटलं, "मग हा ले-ऑफ नाही. त्याला मराठीत काढून टाकणं म्हणतात. दुखेल, पण खरं नाव घेतलेलं बरं. उद्यापासून दुसरं काम शोधायला लाग." पाच महिने लागले त्याला. त्या पाच महिन्यांत तो परत बोलावण्याची वाट बघत बसला नाही, एवढं समाधान मला आहे. मामांच्या वेळी जे सांगायला हवं होतं ते सांगता आलं नाही, पुतण्याच्या वेळी आलं.

मामा काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्याकडे आता बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं यंत्र आहे. 'गै' लिहावं लागत नाही, यंत्र स्वतःच लिहितं. नोटिसा मात्र अजून मीच मराठीत करतो. लिहून झाली, की कँटीनमध्ये जातो, जो पहिला भेटेल त्याला वाचून दाखवतो आणि विचारतो, "यावरून तुला काय कळलं, उद्या यायचं की नाही यायचं?" तो बरोबर सांगेपर्यंत नोटीस बोर्डावर जात नाही. साहेब हसतात. म्हणतात, कवींना फार वेळ लागतो.

लागू दे. एका क्रियापदानं चोवीस दिवस नेले होते. त्यापुढे दोन मिनिटं फार नाहीत.